बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग पाहा
जुन्या पिकअप गाडीच्या बॅटरीच्या तारा नीट जोडण्याची रीत



आपल्या रेडिओ कार्यक्रमात बियाणे, खते, कीड-रोग यांवर नेहमी बोलणे होते. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. मेथी-कोथिंबीर वाफ्यात कितीही झकास आली तरी ती पहाटेच्या बाजाराला पोचली पाहिजे. उन्हं वर आली की पालेभाजी मान टाकते आणि भावही मान टाकतो. ही भाजी पोचवणारी आपली जुनी पिकअप नेमकी अशाच पहाटे रुसून बसते. चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज. मग धक्का मारा, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवा, आणि शेवटी 'बॅटरी गेली' म्हणून नवी बॅटरी आणा.

बॅटरी खरोखरच गेली असेल तर इलाज नाही. पण पुष्कळदा बॅटरी चांगली असते आणि खोट असते तिच्या तारांच्या जोडात, त्यातही अर्थच्या तारेत. कार्यक्रमाच्या थोड्या वेळात हे सगळे सांगणे होत नाही, म्हणून ही पत्रिका. ती गाडीच्या कप्प्यात ठेवावी आणि गाडी चालवणाऱ्या मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावी.

एका मेथीच्या गाडीची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात भूगावजवळच्या एका वस्तीवर भातावरची कीड पाहायला गेलो होतो. तात्या अंगणात डोक्याला हात लावून बसले होते. मेथीच्या चारशे जुड्या पिकअपमध्ये भरलेल्या आणि गाडी जागची हलेना.

"साहेब, आठच दिवस झाले नवी बॅटरी टाकून. दिवे बघा कसे लख्ख लागतात. पण सेल्फ काही फिरंना."

"तात्या, गाडीचं अर्थिंग पाहिलं का?"

"ते आणि कशाला बघायचं? काळी वायर तर लावलेलीच हाय की."

काळी तार बॅटरीला घट्ट होती, हे खरे. पण तिचे दुसरे टोक चासीला जिथे बोल्टने आवळले होते, तिथे चिखल आणि गंज यांचा थर बसला होता. इंजिनापासून चासीला येणारी तांब्याची विणलेली पट्टी तर एका बाजूने तुटून लोंबत होती. पट्टी बदलली, बोल्टाखालची जागा घासून उजळ केली, आणि पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. पण तोवर दहा वाजून गेले होते. मेथी बाजाराला गेली नाही, गोठ्यात गेली. नव्या बॅटरीचे पैसे गेले ते वेगळेच. जुनी बॅटरी तर तात्यांनी मोडीत देऊन टाकली होती. ती चांगली होती की वाईट, हे आता कोणालाच कळणार नाही.

असे आणखी कोणाचे होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू.

वीज जाते तशी परतही यावी लागते

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. मोट भरून वर येते, रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. खाली गेलीच नाही, तर दुसऱ्यांदा पाणी येणार कुठून? विजेचेही तसेच आहे. ती बॅटरीच्या एका टोकाकडून निघते, काम करते आणि दुसऱ्या टोकाला परत येते. हा फेरा पूर्ण झाला तरच सेल्फ फिरतो.

घरात विजेला जायला एक तार आणि यायला दुसरी तार असते. गाडीत मात्र परतीची तार वाचवलेली असते. गाडीची लोखंडी चासी आणि बॉडी हीच परतीची वाट. बॅटरीचे एक टोक जाड तारेने चासीला जोडतात, यालाच आपण अर्थ म्हणतो. घरातल्या अर्थिंगसारखा इथे जमिनीत खड्डा नसतो, गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. नाव तेच असले तरी काम वेगळे, हे लक्षात घ्यावे.

इंजिन हे रबरी गादीवर बसवलेले असते, म्हणजे गाडीला हादरे कमी बसतात. पण रबरातून वीज जात नाही. सेल्फ तर इंजिनालाच आवळलेला असतो. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची वेगळी पट्टी लागते. ती तुटली तर सेल्फकडे गेलेल्या विजेला परत यायला सरळ वाट राहत नाही. मग ती अॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेसारखी भलतीच वाट शोधते. त्या बारीक तारा एवढ्या विजेने तापून लाल होतात, धूर येतो, वरचे आवरण जळते. चावी फिरवताना क्लचच्या तारेपाशी जळका वास आला, तर आधी ही पट्टी पाहावी.

दिवे लागतात, मग सेल्फ का फिरत नाही?

तात्यांचा प्रश्न हाच होता आणि तो रास्त आहे. याचे उत्तर पाटाच्या पाण्यात आहे. पाटात गवत माजले तरी एक घागर भरण्यापुरते पाणी येतेच. पण वाफा भिजवायला पाट मोकळाच लागतो.

पुढचे दोन दिवे ६० वॅटचे धरले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोघांना मिळून १० अँपिअर वीज लागते. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ मात्र २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. आता एखाद्या गंजलेल्या जोडात ओहमच्या फक्त शंभराव्या भागाइतका अडथळा आहे असे समजा. दिव्यांच्या १० अँपिअरला तिथे एका व्होल्टचा दहावा भाग गळतो, तो डोळ्यांना कळतही नाही. पण सेल्फच्या २०० अँपिअरला त्याच जोडात पुरे २ व्होल्ट गळतात. सेल्फ फिरताना बॅटरी स्वतःच साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. त्यातले दोन वाटेत गेले की सेल्फच्या पदरात उरतात आठ-साडेआठ. एवढ्यावर थंड डिझेल इंजिन हलत नाही.

गळालेली वीज जाते कुठे? ती त्या जोडातच उष्णता होऊन बसते. २०० अँपिअर आणि २ व्होल्ट म्हणजे ४०० वॅट. म्हणून खराब जोड सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागतो. मीटर नसले तरी एवढी एक खूण पुष्कळ सांगून जाते.

भूगावच्या मंडळींना कुस्तीचे वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा इथेच भरला होता. पैलवान कितीही ताकदीचा असो, पायाखालची माती सरकत असेल तर डाव बसत नाही. बॅटरी हा पैलवान समजा आणि अर्थिंग ही त्याच्या पायाखालची माती.

आपल्या भागात हा दोष जास्त का?

मुळशी तालुक्यात पाऊस भरपूर आणि पीक भाताचे. पावसाळ्याचे चार महिने गाडीचा खालचा भाग चिखलाने माखलेला असतो. अर्थचा बोल्ट बहुधा खालीच, चासीच्या अंगाला असतो. त्यातून याच गाडीत आपण शेणखत आणतो, युरिया-पोटॅशची पोती आणतो. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत ओलाव्यात विरघळते आणि लोखंड-तांबे खाऊ लागते. खत वाहून झाले की गाडी साध्या पाण्याने धुवावी, खालूनही. घाटरस्त्याचे आणि शिवारवाटांचे हादरे बोल्ट सैल करतात. आणि गाडी गोठ्याशेजारी उभी असेल तर उंदीर तारांचे आवरण कुरतडतात.

धन कोणते, ऋण कोणते?

तार जोडण्याआधी बॅटरीचे टोक ओळखता आले पाहिजे. खुणा अशा:

१. धन टोकापाशी अधिकची खूण (+) असते, ऋण टोकापाशी वजाची (−).
२. खुणा झिजल्या असतील तर दोन्ही खांब पाहावेत. धन खांब जाड असतो, ऋण खांब किंचित बारीक.
३. लाल तार धनाची, काळी ऋणाची, असा रिवाज आहे. पण जुन्या गाडीत रंगावर विसंबू नये. मागच्या माणसाने हाताला लागेल ती तार लावलेली असते.
४. मीटर असेल तर उत्तम. २० व्होल्ट डीसीवर लावून लाल कांडी ज्या खांबाला धरल्यावर आकडा सरळ येतो तो धन. आकड्याआधी वजाची खूण आली तर उलटे समजावे.
५. काहीच नसेल तर बटाट्याची जुनी परीक्षा करावी. दोन्ही खांबांपासून तांब्याच्या दोन बारीक तारा घेऊन त्यांची उघडी टोके कापलेल्या बटाट्यात अंगठ्याएवढ्या अंतरावर खोचावीत. तारा एकमेकींना लागू देऊ नयेत. काही मिनिटांत एका तारेभोवती हिरवट डाग पडतो, तो धन. दुसऱ्या तारेपाशी फेस येतो, तो ऋण.

आताच्या गाड्यांत ऋण टोक चासीला असते. इंग्रजी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत मात्र धन टोक चासीला जोडलेले असे. म्हणून फार जुनी गाडी असेल, तर आहे ती बॅटरी काढण्याआधी कोणते टोक चासीला आहे ते पाहून लिहून ठेवावे.

तारा उलट्या लागल्या तर काय होते? अल्टरनेटरमधले डायोड क्षणात जळतात. खर्च बॅटरीहून जास्त येऊ शकतो. एकदा उलट लावून 'बघू तर खरं' असे करायची ही गोष्ट नव्हे.

काढताना अर्थ आधी, जोडताना अर्थ शेवटी

या पत्रिकेतले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे एक वाक्य विसरू नये.

कारण साधे आहे. सारी गाडी लोखंडाची आणि ती अर्थला जोडलेली. तुम्ही धन टोकाचा नट आधी सोडायला गेलात आणि पाना बॉनेटला किंवा बॉडीला टेकला, तर बॅटरीची सगळी ताकद त्या पान्यातून वाहते. मोठी ठिणगी उडते, पाना चिकटतो, लाल होतो, हात भाजतो. तेच अर्थ आधी काढली असेल, तर परतीची वाटच तुटलेली असते. मग पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही.

ठिणगीची भीती आणखी एका कारणाने. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा चार भाग जमला तरी ठिणगीने पेट घेतो. बॅटरी फुटली की आम्ल डोळ्यांत जाते. म्हणून बॅटरीपाशी विडी, काडी, कंदील काही नको, आणि लहान मुलेही नकोत.

काढण्याचा क्रम:

१. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन आणि सगळे दिवे बंद करावेत, चावी काढून खिशात ठेवावी.
२. बोटातली अंगठी, हातातले कडे, घड्याळ काढून ठेवावे.
३. अर्थचे टोक सोडावे आणि तार बाजूला वळवून तिच्यावर कापड गुंडाळावे.
४. मग धन टोक सोडावे.
५. क्लॅम्प निघत नसेल तर हातोडीने ठोकू नये, खांब आतून निखळतो. नट सैल करून क्लॅम्पची फट स्क्रू-ड्रायव्हरने थोडी फाकवावी आणि हलवत हलवत वर घ्यावा.

जोडताना याच्या उलट. आधी बॅटरी तिच्या पट्टीने घट्ट बांधावी. सुटी बॅटरी खड्ड्यात उडते आणि तिचा धन खांब बॉनेटला लागतो. मग धन टोक, त्यावर रबरी टोपी, आणि सर्वांत शेवटी अर्थ. अर्थ लावताना बारीक ठिणगी उडू शकते. पण मोठी ठिणगी उडाली तर थांबावे. एखादा दिवा चालू राहिला आहे का, तारा उलट्या लागल्या आहेत का, की धन तार कुठे बॉडीला घासते आहे, हे आधी पाहावे.

जोड साफ करण्याची रीत

खांबांवर पांढरट, निळसर-हिरवट भुकटी जमते. ती आम्लाची असते, हाताने खरवडू नये. बॅटरीची सगळी झाकणे घट्ट लावावीत. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते खांबांवर आणि क्लॅम्पवर ओतावे. फसफसणे थांबले की भुकटी निघाली. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत एक थेंबही जाता कामा नये. नंतर साध्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडे करावे.

मग पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू घासावी. शिसे चकाकले पाहिजे. क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसवून आवळावा. हाताने फिरवून फिरू नये एवढा घट्ट, पण खांब मोडेल एवढा नाही. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवावा. आधी ग्रीस आणि मग क्लॅम्प, असे करू नये. गोडे तेलही लावू नये, त्यावर धूळ बसते.

अर्थिंगच्या तीन जागा

अर्थिंग म्हणजे बॅटरीजवळची काळी तार एवढेच नव्हे. गाडीखाली जाऊन तीन जागा पाहाव्यात:

१. बॅटरीपासून चासीपर्यंतची तार, तिची दोन्ही टोके.
२. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंतची तांब्याची पट्टी.
३. चासीपासून केबिनच्या पत्र्यापर्यंतची बारीक तार. ही खराब असेल तर दिवे मंदावतात, किंवा एक सिग्नल दिला की भलताच दिवा लुकलुकतो.

प्रत्येक ठिकाणी बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज घासून पांढरे लोखंड उघडे करावे. रंगावर आवळलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी उपयोगाचा नाही, कारण रंगातून वीज जात नाही. दातेरी वायसर घालावा, बोल्ट कचकचीत आवळावा आणि वरून ग्रीस लावावे, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

तार बदलायची झाल्यास जुनी होती तेवढीच किंवा जाड घ्यावी. घरगुती वायरिंगची तार दुमडून लावणे, किंवा तुटलेली पट्टी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे, हे आजच्या दिवसापुरतेही करू नये. सेल्फकडे जाणाऱ्या धनाच्या जाड तारेला जुन्या गाडीत बहुधा फ्यूज नसतो. तिचे आवरण घासले वा उंदराने कुरतडले आणि ती चासीला टेकली, तर गाडीला आग लागू शकते. ती तार पूर्ण लांबीभर हात फिरवून पाहावी, पण अर्थ काढून ठेवल्यावरच.

दोष बॅटरीचा की तारेचा? घरच्या घरी तपासणी

आधी दिव्यांची परीक्षा. पुढचे दिवे लावून चावी फिरवावी.

दिवे एकदम विझल्यासारखे झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा बॅटरीवरचाच जोड सैल आहे. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि सेल्फ नुसता 'टक्' करून थांबला, तर इंजिनाची अर्थ पट्टी, सेल्फची जाड तार किंवा खुद्द सेल्फ पाहावा. 'टक्' आवाजही नसेल तर चावीच्या स्विचपासून सेल्फकडे जाणारी बारीक तार पाहावी.

दुसरी परीक्षा जंपर केबलची. गाडी न्यूट्रलमध्ये हवी. केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, लावावे. आता सेल्फ झोकात फिरला तर बॅटरी चांगली आणि खोट अर्थिंगमध्ये, हे पक्के झाले.

ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांच्यासाठी तिसरी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करायची दांडी ओढून धरावी. मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर धरावी आणि दुसऱ्या माणसाने पाच सेकंद सेल्फ मारावा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. मग दोन्ही कांड्या बॅटरीच्या दोन खांबांवर धरून पुन्हा सेल्फ मारावा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी उतरलेली वा थकलेली आहे. ती चार्ज करून पुन्हा पाहावी.

रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना तोच आकडा १३.८ ते १४.४ यायला हवा. आला नाही तर चार्जिंगच होत नाही. मग नवी बॅटरी आणली तरी तीही चार दिवसांत उतरणार.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना

आधी दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत ना ते पाहावे. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिच्यावरून पिकअप सुरू करू नये. दोन गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. क्रम असा:

लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणाला. काळीचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला लावायचे नाही, तर बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचे. शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच, ती बॅटरीच्या वायूपासून लांब उडावी म्हणून. गाडी सुरू झाली की बरोबर उलट्या क्रमाने काढावे.

शेतकऱ्यांचे काही प्रश्न

प्रश्न: इंजिन चालू असताना बॅटरी काढून चार्जिंग तपासतात. ते बरोबर आहे का?
उत्तर: मुळीच नाही. अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्यास डायोड जळू शकतात. मीटर लावून पाहावे.

प्रश्न: गाडीच्या हौद्याला वेल्डिंग करायचे आहे. काही काळजी?
उत्तर: आधी बॅटरीची अर्थ काढावी आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावावी. बॅटरीजवळ ठिणग्या उडत असतील तर बॅटरीच काढून दूर ठेवावी.

प्रश्न: बॅटरीत विहिरीचे पाणी चालते का?
उत्तर: नाही. त्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. पावसाचे पाणीही नको. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, पट्ट्यांच्या वर १० ते १५ मिलिमीटर एवढेच. पाणी कमी झाले म्हणून वरून आम्ल घालू नये. बॅटरी बंद झाकणाची असेल तर ती उघडू नये.

प्रश्न: आम्ल अंगावर उडाले तर?
उत्तर: लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार धरावी आणि तसेच दवाखान्यात जावे. डोळ्यात सोडा घालू नये.

प्रश्न: जुनी बॅटरी घरी फोडून शिसे काढावे का?
उत्तर: नाही. शिसे हे विष आहे. त्याचा धूर आणि माती मुलांच्या मेंदूला इजा करते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी, तिची मोड मिळते.

थोडक्यात

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा अर्थिंगच्या तिन्ही जागा उघडून घासाव्यात. महिन्यातून एकदा बॅटरीचे पाणी आणि खांब पाहावेत. काढताना अर्थ आधी, जोडताना अर्थ शेवटी. आणि गाडी रुसली तर नव्या बॅटरीचे पैसे मोजण्याआधी गाडीखाली वाकून ती तांब्याची पट्टी पाहावी.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. एक पाना, थोडा पॉलिश पेपर, चमचाभर सोडा आणि व्हॅसलीनची डबी, एवढेच सामान. ते तात्यांच्या गाडीत आता कायम असते. परवा वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, बॅटरी तीच हाय अजून. आन् मेथी पहाटंच जाती बाजाराला."